बर्फाच्या पेटीआधीचे तास

२०१२ च्या ऑगस्टमध्ये लातूरचे डोळे चेन्नईकडे लागले होते. विलासराव देशमुखांचे लिव्हर आणि किडन्या निकामी झाल्या होत्या. मुंबईच्या ब्रीच कँडीतून ६ ऑगस्टला त्यांना एअर अँब्युलन्सने चेन्नईच्या ग्लोबल हॉस्पिटलात नेले. बाभळगावचे सरपंच, दोनदा राज्याचे मुख्यमंत्री आणि त्या घडीला केंद्रात विज्ञान-तंत्रज्ञान खात्याचे मंत्री. प्रत्यारोपणाचे ठरले, दाताही मिळाला. पण शस्त्रक्रिया व्हायच्या आधीच तो दाता गेला आणि दुसरा मिळेपर्यंत विलासरावांच्या शरीराने दम धरला नाही. १४ ऑगस्टला ते गेले. वय ६७.

नामांकित डॉक्टर, विमान, पैसा, ओळख, सगळे हाताशी होते. नव्हते ते एक चांगले लिव्हर, वेळेवर. ते कारखान्यात बनत नाही. ते कुणाच्या तरी शरीरात असते, आणि त्या शरीराचा मेंदू मेल्यानंतर ते किती तास चांगले राहील हे बरेचसे त्या शरीराकडे कोण, कसे बघते यावर ठरते. अवयवदानाबद्दल आपल्याकडे जे लिहिले जाते त्यात कुटुंबाचे मोठे मन असते, ग्रीन कॉरिडॉरची गाडी असते, वाचलेला रुग्ण असतो. मधले तास कुठेच नसतात. मराठवाड्यापुरते म्हणायचे तर हे तास नांदेड-लातूरच्या आयसीयूत जातात, आणि लिव्हरची प्रत तिथेच राखली जाते किंवा तिथेच घालवली जाते.

ब्रेन डेड म्हणजे काय, इथून सुरुवात करावी लागते, कारण नातेवाइकांचा पहिला प्रश्न नेहमी तोच असतो. छाती हलते आहे, मॉनिटरवर रेघ उठते आहे, हात लावला तर अंग गरम लागते. मग मेला कसा? मोटरसायकलवरून पडून डोक्याला मार लागतो, किंवा बीपी वाढून मेंदूत रक्तस्राव होतो. कवटीच्या आत सूज चढते आणि तिला पसरायला जागा नसते. दाब वाढत वाढत मेंदूचा देठ दबतो. श्वास चालू ठेवणारे केंद्र त्या देठात असते. ते गेले की माणूस परत येत नाही. हृदयाला मात्र स्वतःची लय असते. व्हेंटिलेटर प्राणवायू पुरवत असेपर्यंत ते चालू राहते, काही तास, फार तर काही दिवस.

१९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने या मृत्यूला मान्यता दिली आणि तो ठरवायची रीतही घालून दिली. चार डॉक्टर, तपासण्यांच्या दोन फेऱ्या, दोन्हींमध्ये किमान सहा तासांचे अंतर. बाहुलीवर उजेड पाडायचा, डोळ्याच्या बुबुळाला कापसाचे टोक लावायचे, कानात गार पाणी सोडायचे. शेवटी व्हेंटिलेटर काढून, प्राणवायूची नळी ठेवून, छाती स्वतःहून उचलते का ते पाहायचे. प्रत्यारोपण करणाऱ्या चमूतला एकही डॉक्टर या चौघांत चालत नाही.

आपल्या भागासाठी यात एक इशारा आहे आणि तो कितीही वेळा सांगितला तरी कमीच. मण्यार चावलेला माणूस हुबेहूब ब्रेन डेड दिसू शकतो. रात्री जमिनीवर झोपलेल्याला मण्यार चावते, दंशाची खूणही सापडत नाही. सकाळी पापण्या जड होतात आणि दुपारपर्यंत सगळे स्नायू लुळे पडतात, श्वासाचेसुद्धा. बाहुल्या उजेडाला दाद देत नाहीत. आत मात्र माणूस जिवंत असतो, कधी कधी सगळे ऐकत असतो, आणि व्हेंटिलेटर व प्रतिविषाच्या बळावर काही दिवसांत उठून बसतो. फवारणीचे औषध पोटात गेलेल्यांचेही कधी कधी असेच होते. म्हणून मेंदूमृत्यूच्या तपासण्यांना हात घालण्याआधी विष, सर्पदंश, गुंगीची औषधे, थंड पडलेले शरीर हे सगळे वगळावे लागते. ज्या जिल्ह्यात शेत आणि साप रोजचे आहेत तिथे ही अट कागदापुरती मानणे परवडणारे नाही. लोकांचा अवयवदानावरचा विश्वास याच काटेकोरपणावर उभा राहतो.

आता लिव्हरकडे. मेंदू मरताना शरीरात आधी वादळ उठते. अॅड्रेनलिनचा लोंढा येतो, बीपी दोनशेच्या वर जाते, नाडी धावते. तो ओसरला की सगळे उलटे होते. रक्तवाहिन्या सैलावतात आणि बीपी कोसळते. हे कोसळणे लिव्हरला सोसत नाही. त्याच्या पेशी रक्ताच्या भुकेल्या असतात. तासभर बीपी साठ-सत्तरवर रेंगाळले तरी एन्झाइम वाढलेले दिसू लागतात.

दुसरी गोष्ट लघवीची. मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी गेली की शरीरातले पाणी धरून ठेवणारे संप्रेरक थांबते. मग लघवी वाहू लागते. पांढरी, पाण्यासारखी, तासाला अर्धा लिटर, कधी त्याहून जास्त. पलंगाला अडकवलेली पिशवी सिस्टर रिकामी करते, नोंद लिहून वळते, तोवर ती पुन्हा भरलेली असते. नवख्या डॉक्टरला वाटते, लघवी छान होते आहे, किडनी उत्तम आहे. प्रत्यक्षात शरीर वाळत असते आणि रक्तातले सोडियम चढत असते, १४५, १५५, १६५. १५५ च्या वर सोडियम असलेल्या दात्याचे लिव्हर नव्या शरीरात नीट सुरू होईल की नाही याची सर्जनला धास्ती वाटते. दात्याच्या पेशींनी त्या खारट रक्ताशी जुळवून घेतलेले असते. नेहमीच्या सोडियमचे रक्त मिळताच त्या पाणी ओढून फुगतात.

यावर उपाय आहेत आणि ते साधे आहेत. व्हासोप्रेसिनचा थेंब थेंब डोस किंवा डेस्मोप्रेसिन, म्हणजे लघवी आवरते आणि व्हासोप्रेसिनने बीपीही सावरते. जितके पाणी गेले तितके मोजून परत द्यायचे, मिठाचे सलाइन आंधळेपणाने न चढवता. बीपीसाठी नॉरअॅड्रेनलिन बेताने. स्टेरॉइड. साखर इन्सुलिनने ताब्यात. शरीर थंड पडू लागते, कारण तापमान सांभाळणारे केंद्रही गेलेले असते, म्हणून गरम पांघरूण. इंटेन्सिव्हिस्ट मंडळी हे सगळे लक्षात ठेवायला शंभराचा नियम सांगतात. वरचे बीपी शंभर, तासाला लघवी शंभर मिलिलिटर, धमनीतल्या प्राणवायूचा दाब शंभर, आणि लिटरमागे हिमोग्लोबिन शंभर ग्रॅम, म्हणजे आपल्या रिपोर्टातले दहा. यातली एकही गोष्ट जिल्ह्याच्या ठिकाणी अशक्य नाही. लागतो तो माणूस. दर तासाला पाहणारा, दर चार-सहा तासांनी सोडियम पाठवणारा आणि रिपोर्ट आल्यावर पहाटे तीनलाही पंपाचा वेग बदलणारा.

इथे मनाची एक अडचण आड येते. आयसीयूतल्या डॉक्टर-सिस्टरचे शिक्षण जिवंत माणसासाठी झालेले असते. रुग्ण वाचणार नाही हे कळले की हात नकळत सैल पडतात. शेजारच्या खाटेवर वाचू शकणारा पेशंट असतो, तिकडे धाव घेणे स्वाभाविकच. त्यामुळे मेंदू मेल्याची शंका आल्यापासून दुसरी तपासणी होऊन नातेवाइकांची सही होईपर्यंतचा काळ कुणाचाच नसतो. नेमक्या याच काळात लिव्हर बिघडते. दाता गेला, असे जे आपण ऐकतो, ते बऱ्याचदा याच पोकळीत घडते. मेंदू आधीच गेलेला असतो, मग हृदयही थांबते. आपल्या देशात हृदय थांबल्यानंतरचे दान मोजक्या केंद्रांतच होते. त्यामुळे हृदय थांबले की बहुतेक ठिकाणी लिव्हरचा विषय संपतो. आठ-दहा तास सही करायची की नाही यावर कुटुंबाने जे रडून, भांडून, शेवटी कवटाळून ठरवलेले असते, तेही वाया जाते. माझ्या मते यासारखा अपमान दुसरा नाही. घराने देऊ केले आणि व्यवस्थेला घेता आले नाही.

२०१६ हे साल मराठवाड्याच्या लक्षात आहे ते मिरजेहून लातूरला रेल्वेने आलेल्या पाण्यामुळे. त्याच वर्षी या भागातून अवयव बाहेर जाऊ लागले. जानेवारीत तेव्हाच्या औरंगाबादेत मराठवाड्यातला पहिला ग्रीन कॉरिडॉर झाला, हृदय विमानाने मुंबईला गेले. वर्ष संपायच्या आत नांदेडनेही असा कॉरिडॉर पाहिला. चौकाचौकांत पोलीस, मोकळा केलेला रस्ता, श्री गुरू गोबिंदसिंगजी विमानतळाकडे सुसाट निघालेली अँब्युलन्स. दुष्काळाच्या बातम्यांत पिचलेल्या प्रदेशाने दिलेले ते दान होते, आणि इथल्या माणसाला या विषयात समज नाही असे म्हणणाऱ्यांना त्या एका वर्षाने उत्तर दिले.

पण अंतर बदलले नाही. मराठवाड्यातल्या अवयवांचे वाटप छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रातून चालते. नांदेडहून ते शहर सुमारे २७० किलोमीटर. लिव्हर प्रत्यारोपणाची मोठी केंद्रे मात्र मुंबई-पुण्यात. लातूरहून पुणे सुमारे ३३० किलोमीटर. लातूरला धावपट्टी आहे, रोजची विमानसेवा नाही. नांदेडला हैदराबाद मुंबईच्या निम्म्याहून कमी अंतरावर आहे आणि इथले लोक उपचाराला तिकडे सर्रास जातात, पण अवयवाचा क्रम आधी आपल्या राज्यातल्या यादीत लागतो. तो नियम तसा योग्यच आहे. तरी देगलूर-बिलोलीकडे तेलंगणाच्या सीमेवर राहणाऱ्या माणसाला नकाशा वेगळा दिसतो, हेही खरे.

अवयव काढण्यासाठी आता प्रत्यारोपण केंद्राचीच गरज नाही. २०११ ची कायदादुरुस्ती आणि २०१४ चे नियम यांनी एक सोय केली आहे. आयसीयू आणि शस्त्रक्रियागृह असलेले साधे रुग्णालयही केवळ अवयव काढण्यासाठी नोंदणी करू शकते. बाहेरचा चमू येतो, काढतो, घेऊन जातो.

काढण्याची रात्र कशी असते? पोट छातीपासून खालपर्यंत उघडलेले. सर्जन आधी नुसते पाहतो आणि हात लावतो. बरे लिव्हर तांबूस तपकिरी, मऊ, कडेला सुरीसारखे धारदार असते. चरबीचे लिव्हर पिवळसर आणि जड असते, त्याची कड गोल झालेली असते. सर्जन अंगठा आणि दोन बोटांत ती कड धरतो, दाबतो, सोडतो. रंग कसा परत येतो ते बघतो. इतक्या वर्षांच्या विज्ञानानंतरही अखेरचा निर्णय पुष्कळदा या अंगठ्याचा असतो. शंका असेल तर तुकडा काढून पॅथॉलॉजिस्टकडे पाठवायचा. मोठ्या थेंबांची चरबी ३० टक्क्यांच्या आत असेल तर बिनधास्त, ३० ते ६० च्या मध्ये असेल तर जपून, ६० च्या वर गेली तर बहुतेक जण नको म्हणतात. रात्री दोन वाजता हा तुकडा वाचणारा पॅथॉलॉजिस्ट जिल्ह्याच्या गावी मिळणे हा वेगळाच प्रश्न. मिळाला नाही तर अंगठा सावध होतो, आणि सावध अंगठा चांगली लिव्हरेही नाकारतो.

चरबीचा प्रश्न वाढतोच आहे. देशभरच्या अभ्यासांच्या बेरजेत तीनातल्या एकाहून अधिक प्रौढांच्या लिव्हरमध्ये चरबी आढळली आहे. मधुमेह घरोघर पोचला. म्हणजे ज्याला लिव्हर हवे तोही याच आजाराने तिथवर पोचलेला, आणि जो देणार त्याच्याही लिव्हरला तीच कीड लागलेली.

पुन्हा शस्त्रक्रियागृहात. महाधमनीला चिमटा लागतो तिथे घड्याळ सुरू होते. नळीवाटे चार अंशांचे द्रावण आत सोडले जाते, रक्त धुऊन निघते आणि तांबूस अवयव बघता बघता फिकट, राखट होतो. भोवती निर्जंतुक बर्फाचा चुरा. पित्तनलिका वेगळी धुवायची, कारण आत राहिलेले पित्त तिच्याच अस्तराला खाते. दात्याच्या जांघेजवळच्या रक्तवाहिन्यांचे तुकडेही सोबत घेतात, पुढे जोडणीला कमी पडले तर असावेत म्हणून. मग एकात एक अशा तीन पिशव्या, आणि पेटी.

ते द्रावण ही गेल्या शतकातली मोठी कमाई. थॉमस स्टार्झल यांनी १९६३ मध्ये डेन्व्हरला माणसावर पहिले लिव्हर प्रत्यारोपण केले आणि १९६७ मध्ये पहिल्यांदा रुग्ण दीर्घ काळ जगला. तरी पुढची वीस वर्षे लिव्हर बाहेर सहा-आठ तासांवर टिकत नसे. १९८० च्या दशकात विस्कॉन्सिन विद्यापीठात फोल्कर्ट बेल्झर आणि जेम्स साउदर्ड यांनी नवे द्रावण बनवले. पेशी फुगू नयेत म्हणून त्यात मोठ्या रेणूंच्या साखरा आणि स्टार्च होते, गंज चढू नये म्हणून ग्लुटाथायोन. त्याने मुदत बारा तासांच्या पुढे नेली. भारतात पहिले यशस्वी लिव्हर प्रत्यारोपण १९९८ मध्ये दिल्लीच्या अपोलोत एका लहान मुलावर झाले. तो मुलगा पुढे स्वतः डॉक्टर झाला.

पण थंडी लिव्हरला बरे करत नाही, ती फक्त त्याचा ऱ्हास मंदावते. चार अंशांना पेशीचे काम दहाव्या हिश्शावर येते, थांबत नाही. साठवलेली ऊर्जा संपते. पेशीच्या भट्टीत, मायटोकाँड्रियात, सक्सिनेट नावाचा अर्धवट जळालेला पदार्थ साचत जातो. दुसऱ्या माणसाच्या पोटात रक्त सोडले की प्राणवायू एकदम आत शिरतो, साचलेले सक्सिनेट भडकते आणि त्या भडक्यातच पेशी मरतात. म्हणजे घाव प्रवासात तयार होतो आणि बसतो जोडणी झाल्यावर. निरोगी लिव्हर हे झेलते. चरबीचे, म्हाताऱ्या दात्याचे, किंवा आयसीयूत आधीच मार खाल्लेले लिव्हर झेलत नाही. म्हणून तर नांदेडहून निघणाऱ्या पेटीत प्रवासाचा प्रत्येक तास आधीच्या तासांत भर घालतो. खुद्द मुंबईत मिळालेले मध्यम लिव्हर खपून जाईल. तेवढेच मध्यम लिव्हर नांदेडहून गेले तर सर्जन दहा वेळा विचार करील.

इथे यंत्र येते. ऑक्सफर्डचे सर्जन पीटर फ्रेंड आणि अभियंता कॉन्स्टंटिन कुसिओस यांनी विचारलेला प्रश्न सरळ होता. लिव्हर गार करून झोपवायचेच कशाला? त्यांच्या यंत्रात लिव्हर ३७ अंशांवर राहते. धमनीतून आणि पोर्टल शिरेतून, दोन्ही वाटांनी, रक्तगट जुळवलेल्या लाल पेशी फिरतात. प्राणवायू, इन्सुलिन, पोषण, रक्त गोठू न देणारे हेपॅरिन, सगळे मोजून दिले जाते. शरीर नाही, तरी लिव्हर काम करू लागते. राखट झालेला रंग परत तांबूस होतो. थोड्या वेळाने पित्तनलिकेला लावलेल्या नळीत सोनेरी-हिरवट थेंब उतरू लागतात. गुदमरलेल्या पेशी सोडतात ते लॅक्टेट खाली येते. अंगठ्याच्या अंदाजाला इथे आकड्याची जोड मिळते. हे लिव्हर चालेल का, हे माणसाच्या पोटात घालण्याआधी कळते.

या यंत्रातून आलेले लिव्हर माणसाला पहिल्यांदा २०१३ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलात बसवले. २०१८ मध्ये युरोपातल्या चाचणीचे निकाल आले, दोनशेहून अधिक प्रत्यारोपणांचे. गरम राखलेल्या लिव्हरांत इजा निम्मी झाली, नाकारल्या गेलेल्या लिव्हरांचे प्रमाण निम्म्यावर आले, आणि तेही सरासरी ५४ टक्के जास्त वेळ बाहेर राहून. पण मला त्याहून मोलाची वाटते ती बर्मिंगहॅमची चाचणी, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेली. ब्रिटनमधल्या सर्व केंद्रांनी टाकून दिलेली ३१ लिव्हरे त्यांनी उचलली आणि यंत्रावर चढवली. चार तासांत लॅक्टेट ठरलेल्या मर्यादेखाली आणणारी, पित्त सोडणारी, रक्तप्रवाह नीट असलेली २२ निवडली आणि रुग्णांना बसवली. तीन महिन्यांनी २२ च्या २२ रुग्ण जिवंत होते. पुढे चौघांच्या पित्तनलिका आक्रसल्या आणि त्यांना पुन्हा प्रत्यारोपण लागले. ती किंमतही सांगितलीच पाहिजे. तरी टाकून दिलेल्यातून इतकी माणसे उभी राहिली.

झुरिचमध्ये तर २०२१ च्या मे महिन्यात तीन दिवस यंत्रावर ठेवलेले, इतरांनी नाकारलेले लिव्हर एका रुग्णाला बसवले आणि वर्षाने तो ठणठणीत होता. यंत्रावरच औषधे देऊन चरबी वितळवायचेही प्रयोग चालू आहेत. ते अजून प्रयोगच आहेत. कुणी आजच आश्वासन देत असेल तर विश्वास ठेवू नये.

भारतात ही यंत्रे मोजक्या मोठ्या केंद्रांत पोचली आहेत. मराठवाड्यासाठी त्यांचा अर्थ काय? मोह असा होतो की एक यंत्र नांदेडला आणा, एक लातूरला आणा, फीत कापा. मला ते चूक वाटते. गरम यंत्राला एकदा वापरून टाकायचा महागडा संच लागतो, रक्तपेढीतून जुळवलेल्या पिशव्या लागतात, आणि रात्रभर त्याच्याजवळ बसणारा प्रशिक्षित तंत्रज्ञ लागतो. वर्षाकाठी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी दाने होतात तिथे ते यंत्र झाकून ठेवलेले राहील. शासकीय रुग्णालयांत झाकून ठेवलेली यंत्रे आपण पुरेशी पाहिली आहेत.

झुरिचमध्येच वाढलेली दुसरी पद्धत आपल्याला जास्त मानवेल. लिव्हर बर्फातच प्रवास करते. प्रत्यारोपण केंद्रात पोचल्यावर, बसवायच्या आधी तास-दोन तास त्यातून दहा अंशांच्या आसपासचे, प्राणवायूने भरलेले द्रावण फिरवायचे. रक्त नको, रात्रभराची राखण नको. साचलेले सक्सिनेट सावकाश जळून जाते आणि पेशीची ऊर्जा भरून येते. मग रक्त सोडल्यावर भडका उडत नाही. फिलिप डुटकोव्स्की आणि पिएर-अलँ क्लाविएँ यांच्या चमूने २०१२ पासून ती माणसांवर वापरली. नेदरलँड्सच्या ग्रोनिंगनहून चाललेल्या मोठ्या चाचणीत, हृदय थांबलेल्या दात्यांच्या लिव्हरांत, पित्तनलिका आक्रसण्याचे प्रमाण १८ टक्क्यांवरून ६ वर आले. २०२१ मधला हा निकाल. यंत्र पुण्या-मुंबईत राहील, फायदा लांबून येणाऱ्या पेटीला होईल. नांदेडहून निघालेले लिव्हर नुसत्या अंतरामुळे नाकारले जाणार नाही, एवढे जरी झाले तरी पुष्कळ.

मात्र कुठलेही यंत्र १७० सोडियमचे दोन दिवस पुसून टाकत नाही.

या गोष्टीची दुसरी बाजू जिवंत दात्यांची, आणि आपल्या देशात तीच मोठी आहे. २०२३ मध्ये भारतात सर्व अवयवांची मिळून १८,३७८ प्रत्यारोपणे झाली, पण मेंदूमृत दाते होते १,०९९. एवढ्या मोठ्या देशात. त्यामुळे बहुतेक लिव्हर घरच्याच माणसाच्या पोटातून येते. आणि ते माणूस बहुतेक वेळा बाई असते. आई, बायको, बहीण, लेक. पेशंट बहुतेक वेळा पुरुष. या हिशोबावर जितके बोलायला हवे तितके बोलले जात नाही.

उंदीर मारायची पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट पोटात गेलेल्या पोरीच्या लिव्हरला दिवस मिळतात, महिने मिळत नाहीत. तिथे घरच्या दात्याच्या लिव्हरमधली चरबी उतरवायला सवड नसते. पण दारूने किंवा हेपॅटायटिसने हळूहळू खचलेल्या पेशंटच्या घरी सवड असते आणि तिचा उपयोग करून घेता येतो. दाता म्हणून बायको पुढे येते. रक्तगट जुळतो. सिटी स्कॅनमध्ये लिव्हर प्लीहेपेक्षा काळपट दिसते, म्हणजे चरबी. पूर्वी इथेच नकार येई. आता डॉक्टर सांगतात, महिना-दीड महिना घ्या. दिवसाला १,२०० कॅलरीच्या आसपास आहार आणि रोज तासभर घाम येईपर्यंत चालणे. वजन पाच-दहा टक्के उतरले की लिव्हरमधली चरबी झपाट्याने खाली येते. इतक्या कमी वेळात इतका बदल दाखवणारा दुसरा अवयव नाही. भारतीय केंद्रांनीच हे पुन्हा पुन्हा करून दाखवले आहे. दात्याच्या लिव्हरची प्रत सुधारण्याचा याहून स्वस्त उपाय जगात नाही. त्याला बूट लागतात आणि घरच्यांची साथ.

मराठवाड्याच्या स्वयंपाकघरात याचा अर्थ नेमका आहे. दोन लहान ज्वारीच्या भाकरी, पातळ वरण, पालेभाजी, काकडी, पाणीदार ताक. शेंगदाण्याच्या चटणीवर तेलाची धार नाही. भाजीत मूठभर कूट नाही. चहा दिवसातून सहा वेळा नाही, आणि आहे तो साखरेविना. सणाची पोळी त्या महिन्यापुरती दुसऱ्यांना. नांदेडच्या गोदाकाठी किंवा लातूरच्या रिंग रोडला पहाटे कुणी बाई एकटी, भराभर चालत असेल तर ती वजनासाठीच चालते आहे असे समजू नये. ऑपरेशनात तिच्या लिव्हरचा साठ टक्के भाग जाऊ शकतो आणि मागे किमान तीस टक्के राहिलाच पाहिजे. राहिलेला भाग वाढून दोन-तीन महिन्यांत जवळजवळ पुरा होतो, तो चरबीमुक्त असेल तर बिनघोर. म्हणजे हे चालणे नवऱ्याइतकेच तिच्या स्वतःच्या जिवासाठी असते. घरातल्यांनी तिच्या वाट्याचे काम या महिन्यात उचलले नाही, तर ते चालणे होतच नाही. पहाटे पाणी भरायचे, डबे करायचे आणि तासभर चालायचेही, हे जमत नाही. डॉक्टरांनी आहाराच्या कागदासोबत सासूला आणि दिरालाही बसवून घेऊन समजावले पाहिजे.

हे झाले घरातले. पुन्हा आयसीयूकडे यायचे तर नांदेडच्या विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था हे या दोन जिल्ह्यांचे मोठे दवाखाने. हिंगोली, परभणी, धाराशिव, शिवाय तेलंगणाच्या कडेच्या गावांतले पेशंटही इथेच येतात. विष्णुपुरीला २०२३ च्या सप्टेंबरअखेरीस, ऑक्टोबर लागताना, २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यांत १२ नवजात अर्भके. राज्यभर गदारोळ झाला. अपुरी माणसे, औषधांची ओढाताण, बाहेरून शेवटच्या क्षणी पाठवलेले पेशंट, सगळे तेव्हा चर्चेला आले. अशा ठिकाणी मेलेल्या माणसाच्या सोडियमसाठी सिस्टर अडकवून ठेवा, असे म्हणायला तोंड धजत नाही. पण म्हणावे लागते. कारण ज्या आयसीयूत दर तासाची लघवी आणि दर सहा तासांचे सोडियम नीट लिहिले जाते, तिथे डोक्याला मार लागलेला वाचण्याजोगा पेशंटही जास्त वाचतो. काळजी एकच आहे, माणसेही तीच लागतात. दात्यासाठी म्हणून मागितलेली सिस्टर नव्वद दिवस जिवंत पेशंटपाशी उभी राहील आणि एक दिवस दात्यापाशी.

आणि कोऑर्डिनेटर. पूर्ण वेळ, पगारी, दोन्ही जिल्ह्यांना. सही मागायला जाणारा माणूस, एवढीच त्याची ओळख झाली आहे, ती बरोबर नाही. मेंदूमृत्यूची शंका आल्याक्षणी कळवणारा, चार डॉक्टरांना जमवणारा, संभाजीनगरशी फोनवर असणारा, रात्रीतून व्हासोप्रेसिनची कुपी कुठल्या मेडिकलच्या फ्रिजमध्ये आहे हे ठाऊक असलेला तो माणूस आहे. नातेवाइकांनी नकार दिला तरी त्यांना देह लवकर, सन्मानाने मिळावा म्हणून धावणाराही तोच असावा. नकार देणाऱ्या घराशी आपण कसे वागलो याची गोष्ट पुढच्या घरापर्यंत जातेच.

मुंबई-पुण्याहून अवयव घ्यायला निघण्याआधी सर्जनचा फोन येतो, तेव्हा त्याचे प्रश्न ठरलेले असतात. वय काय? आयसीयूत किती दिवस? हृदय मध्ये थांबले होते का, किती मिनिटे? बीपीला काय चालू आहे, किती वेगाने? सोनोग्राफीत लिव्हर कसे दिसले? शेवटचे सोडियम किती, आणि ते किती वाजताचे? या शेवटच्या प्रश्नाला नांदेडहून किंवा लातूरहून एका दमात उत्तर मिळाले, आकडा आणि वेळ दोन्ही, तर पलीकडचा चमू गाडी काढतो.